तापीच्या दरडीतले दोन दगड

खानदेशचा दगड म्हणजे काळा दगड. सातपुडा काळा, अजिंठ्याचा डोंगर काळा, धुळ्याच्या माळावर भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या रांगाही काळ्याच. सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पण भुसावळ, यावल, चोपड्याच्या बाजूला तापीकाठच्या घळींत उतरलं की हा काळा दगड दिसेनासा होतो. दोन्ही अंगांना उभ्या पिवळट दरडी, नदीने लाखो वर्षांत आणून टाकलेल्या गाळाच्या. त्या दरडींत दोन दगड भेटतात. त्यांच्यापुढे मी लेण्यांपुढे रेंगाळतो तसाच रेंगाळतो.

पहिला पिंडाश्म. गोटे, खडे आणि वाळू एकमेकांना घट्ट चिकटून झालेला. त्यातला एकेक गोटा निरखावा. काळ्या बसाल्टचे जास्त, मधूनच तांबडा जास्पर, एखादा दुधी अकीक. सगळ्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या. जितका गोल, तितका लांबचा. मोठ्या गोट्यांचा थर दिसला की समजावं, त्या काळी पूर दांडगा होता. त्यावर बारीक वाळू असेल तर पाणी ओसरलं होतं. एका वावभर उंचीत किती पावसाळे रचलेत, याची मोजदाद करू पाहणारा माणूस तिथून लवकर हलत नाही.

दुसरा कंकर. आपल्याकडचे शेतकरी त्याला चुनखडी म्हणतात. पिवळ्या मातीत विखुरलेले, आल्याच्या गड्ड्यांसारखे वेडेवाकडे पांढुरके खडे. हा दगड कुठून वाहत आलेला नाही, तो जागेवरच जन्मला. पावसाचं पाणी मातीतून मुरताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, किंचित आंबट होतं आणि चुना विरघळवतं. पुढे उन्हाळा त्यातलं पाणी ओढून घेतो आणि चुना खालीच साकळतो. वर्षानुवर्षं, कणाकणाने. तो ओळखायला सोपा आहे: कुटून त्यावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात. काळ्या गोट्यावर कितीही लिंबू पिळा, तो ढिम्म.

दिसायला इतके वेगळे, पण दोघांचा बाप एकच. डोंगरातला बसाल्ट फुटला, घरंगळला, त्याचे गोटे झाले. त्याच बसाल्टमधलं कॅल्शियम पाण्यात विरघळलं, त्याचा कंकर झाला. कोकणातही हाच बसाल्ट आहे. पण तिथला धो धो पाऊस कॅल्शियम धुऊन समुद्रात नेतो, लोह मागे उरतं आणि जांभा तयार होतो. धुळ्याकडे पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्याला चुना हलवता येतो, वाहून नेता येत नाही. कंकर म्हणजे आमच्या अपुऱ्या पावसाची लेखी नोंद आहे, असं मला वाटतं.

आणि पिंडाश्माला दगडपण कोणी दिलं? बऱ्याच ठिकाणी याच चुन्याने. गोट्यांमधल्या फटींत तो उतरला, गोठला आणि सुट्या गोट्यांचा खडक झाला. माणसाने नंतर तेच केलं. कंकर भट्टीत भाजायचा, घाणीत वाळूबरोबर मळायचा आणि त्या चुन्यात दगड बसवायचे. पांझरा नदीवर फड पद्धतीची, म्हणजे सामुदायिक पाणीवाटपाची शेती ज्या जुन्या बंधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भिजवली, ते दगड-चुन्याचेच.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी 1970च्या दशकात उत्खनन केलं. अशाच साचलेल्या थरांत अश्मयुगीन माणसाची हत्यारं निघाली, जास्पर आणि कॅल्सेडनीची. सोबत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्यातिरप्या रेघा कोरलेला कवचाचा एक तुकडा, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. कवच म्हणजे चुनाच. आम्लयुक्त मातीत ते केव्हाच विरघळून गेलं असतं. त्या बिनचेहऱ्याच्या कारागिराच्या रेघा आज आपण पाहू शकतो, यात खानदेशच्या चुनखड मातीचाही वाटा असणार.

शेतकऱ्याचं या चुनखडीशी फारसं पटत नाही, आणि त्याचं खरं आहे. ती जास्त झाली की लोह पिकाला मिळत नाही, मग केळीची कोवळी पानं पिवळी पडतात.

गोट्यांशी मात्र त्याचं नशीबच बांधलेलं. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या वरच्या अंगाला, डोंगरातून सुटलेल्या नाल्यांनी गोट्यांचा जाड पट्टा पसरला आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. तिथले गोटे अजून पुरते जुळलेले नाहीत. दगड होण्याच्या वाटेवरच आहेत. बोअर घेणारे त्यांना वैतागतात, कारण भोक ढासळतं. पण त्यांच्या मोकळ्या फटींतूनच नाल्याचं पाणी जमिनीत उतरतं आणि खालच्या केळीच्या विहिरींपर्यंत पोचतं. उपसा वाढला, विहिरी खोल गेल्या, आणि तापीचं पुराचं पाणी याच पट्ट्यात मुरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने मे 2025 मध्ये करार केला. योजना व्हायची तेव्हा होईल. तोवर नाल्यांतले गोटे-वाळू ट्रॉल्या भरभरून उचलणं तरी थांबायला हवं. पाणी आत घ्यायला सातपुड्याच्या या पायथ्याला दुसरं तोंड नाही.