विरामचिन्हांचे भाग्य

मराठीच्या प्राध्यापकाला घरात कोणी फारसे विचारीत नाही, आणि विरामचिन्हांना तर मराठीच्या वर्गातही कोणी विचारीत नाही. गेली कित्येक वर्षे मी अवतरणचिन्ह, संयोगचिन्ह आणि अपूर्णविराम यांची वकिली करीत आलो आहे. आणि माझे विद्यार्थी दरवर्षी या मंडळींना मोठ्या उदार मनाने उत्तरपत्रिकेबाहेर ठेवीत आले आहेत. या उपेक्षितांचे भाग्य अखेर उजळले ते गूगलच्या दारात!

तुम्ही त्या खिडकीत चार शब्द लिहिता, तेव्हा यंत्र ते सुटे सुटे घेते, त्यांचे सोयरेधायरेही गोळा करते आणि सारी वरात तुमच्यापुढे आणून उभी करते. त्याच शब्दांना दुहेरी अवतरणचिन्हांत बसवा, की ते नेमके तेच शब्द, त्याच क्रमाने शोधू लागते. संयोगचिन्हाची गंमत आणखी न्यारी. व्याकरणात ते जोडते, इथे तोडते. ‘केसरी’ म्हणून शोधले, तर १८८१ साली निघालेल्या वृत्तपत्राबरोबर २०१९ चा हिंदी चित्रपट आणि आखाड्यातले हिंद केसरीही धावून येतात. पुढे एक जागा सोडून ती आडवी रेघ आणि तिला चिकटून ‘चित्रपट’, पुन्हा रेघ आणि ‘कुस्ती’ असे लिहिले, की गर्दी बरीच पांगते. राहिला अपूर्णविराम. इंग्रजीत ‘साइट’, लगेच अपूर्णविराम आणि त्याला चिकटून एखाद्या संस्थेचा पत्ता लिहिला, की शोध तेवढ्याच उंबरठ्याच्या आत होतो.

हे सारे फावल्या वेळचे कौतुक वाटेल. मलाही तसेच वाटे. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या चौदा वर्षांच्या पुतणीला मधुमेह निघाला आणि घरातले हसणेच थांबले. रोज इन्शुलिनची सुई! नातेवाईक आले, प्रत्येकजण एकेक उपाय ठेवून गेला. चौथ्या दिवशी वहिनींनी मला मोबाइल दाखवला. कसलीशी पूड होती. तीन महिन्यांत सुई कायमची सुटेल, असे वचन होते.

“भाऊजी, मी नुसता विश्वास नाही ठेवला. शोधून पाहिलं. दहा ठिकाणी हेच लिहिलंय.”

त्यांनी काय विचारले होते, ते मी पाहिले : ‘मधुमेह कायमचा बरा करणारे औषध’. प्रश्नाच्या पोटातच उत्तर बसलेले! अशा प्रश्नाला यंत्र कशाला नाही म्हणेल?

मी त्या जाहिरातीतले एक लांबलचक वाक्य उचलले आणि अवतरणचिन्हांत टाकले. तेच वाक्य, त्याच चुकलेल्या वेलांटीसकट, दहाही ठिकाणी निघाले. दहा साक्षीदार नव्हतेच. एकच साक्षीदार दहा वेळा बोलत होता. मग डॉक्टरांचा कागद काढला. त्यावर ‘टाइप १’ असे स्पष्ट लिहिले होते. तेवढे शब्द इंग्रजीत अवतरणचिन्हांत घातले, पुढे इन्शुलिन, आणि अपूर्णविरामाने जागतिक आरोग्य संघटनेचे दार धरले. तिथे कुठलेही वचन नव्हते. या प्रकारात शरीरात इन्शुलिन पुरेसे तयार होत नाही, ते रोज बाहेरून द्यावे लागते, असे साधे लिहिले होते. इन्शुलिन बंद केले तर अशा मुलाच्या जिवावर बेतते, हेही पुढे वाचनात आले.

वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे सुई सुटायची नाही तर.” चांगली माहिती नेहमी गोड असते, असे कोणी सांगितले? पण पूड आली नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी वहीत सात प्रश्न लिहून डॉक्टरांकडे गेल्या. पुतणीने स्वतःच शोधून काढले, की १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोला इन्शुलिनची सुई प्रथम घेणारा लेनर्ड थॉम्पसनही चौदाच वर्षांचा होता. त्याच्याआधी अशा मुलांना औषधच नव्हते. “काका, माझ्याच वयाचा!” तिच्या आवाजात त्या आठवड्यात प्रथमच थोडी ऐट होती.

आपल्या मराठीपुरती आणखी एक युक्ती सांगतो. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यामुळे जुन्या पुस्तकांतले ‘कांहीं’ आजच्या ‘काही’ने हाती लागेलच असे नाही. दोन्ही रूपे लिहून मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ घालावे. आजोबा आणि नातू दोघेही हाकेला ओ देतात.

अलीकडे, २०२४ पासून, गूगल स्वतःच वर एक तयार उत्तर वाढून देऊ लागले आहे. पानात पडलेले निमूट खावे, हा संस्कार चांगला; पण तो जेवणापुरता. हे कोणी म्हटले, त्यात त्याचा काय लाभ, आणि याच्या उलट कोण म्हणतो, एवढे तीन प्रश्न त्या उत्तरालाही विचारावेत. ज्याला हवे तेच ऐकायचे असते, त्याला हे यंत्र कधी निराश करीत नाही. म्हणून भीती यंत्राची बाळगू नये. आपल्याला काय ऐकायचे आहे, त्याची बाळगावी.