यादीत आपल्या मागे उभी असलेली

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा आम्ही तिघींनी ठरविले की, यशाच्या गोष्टी इतर पुष्कळ जण लिहितील. आपण थांबण्याची गोष्ट लिहावी. हा लेख तिघींनी मिळून लिहिला आहे. म्हणून यातील कोणती कोण, हे आम्ही सांगितलेले नाही. ज्यांनी आम्हांला वसतिगृहात पाहिले आहे, ते ओळखतीलच.

२००७ साली आम्ही बारावी झालो. दहावीपर्यंत याच शाळेत शिकलो, आणि पुढची दोन वर्षे तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जात असतानाही बाईंनी आम्हांला येथेच ठेवून घेतले. त्या वेळी नीट नव्हती. राज्याची सीईटी २०० गुणांची असे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र प्रत्येकी ५०, जीवशास्त्र १००. पहिली निवड यादी लागली तेव्हा आम्ही बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेत एकाच खुर्चीभोवती उभ्या होतो. निवड यादीत आमची नावे नव्हती. ती प्रतीक्षा यादीत होती. आमच्या प्रवर्गात एकीचा क्रमांक ९, दुसरीचा १० आणि तिसरीचा ३१. पहिल्या दोघींचे एकूण गुण सारखेच होते. जीवशास्त्रातील एका गुणाने त्या मागेपुढे झाल्या होत्या.

नापास होणाऱ्याचे सांत्वन कसे करावे, हे घरच्यांना ठाऊक असते. पास होणाऱ्यासाठी पेढे असतात. प्रतीक्षा यादीतील मुलीला काय म्हणावे, हे मात्र कोणालाच कळत नव्हते. “झाले का?” असे सगळे विचारीत, आणि “अजून नाही” एवढेच आम्ही सांगत असू.

ती यादी पुढे कशी सरकते, हे आम्ही हळूहळू शिकलो. कोणी अखिल भारतीय कोट्यातून दुसऱ्या राज्यात जाई, कोणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात, कोणी अभियांत्रिकीकडे वळे. अखिल भारतीय कोट्यातील न भरलेल्या जागा राज्याकडे परत येत. मग एक-दोन नावे पुढे जात. शेवटची तारीख ३० सप्टेंबर. त्यानंतर रिकामी राहिलेली जागा त्या वर्षापुरती रिकामीच राहणार होती.

बाईंना आम्ही भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, “थांबायचे असेल तर इथेच थांबा. पण बसून थांबू नका.” त्यांनी आठवीच्या मुलींचा संध्याकाळचा अभ्यास आमच्याकडे सोपविला. पावसाळ्यात तापाची साथ आली, तेव्हा आजारी मुलींना ग्रामीण रुग्णालयात नेण्याचे कामही आमच्याकडेच आले. पाचवीतल्या एका लहानगीजवळ आम्ही रात्रभर आळीपाळीने बसलो. कपाळावर ओली पट्टी ठेवणे, मीठ-साखरेचे पाणी चमच्याने पाजणे, ताप लिहून ठेवणे, एवढेच आमच्या हाती होते. पहाटे तिने भात मागितला. त्या रात्री आम्हांला आमचे क्रमांक आठवले नाहीत.

इतर दिवशी मात्र आठवत. ऑगस्टच्या अखेरीस यादी ८ व्या क्रमांकापर्यंत आली, आणि आमच्यात एक विचित्र शांतता आली. १० क्रमांकाची बोलेनाशी झाली. एका संध्याकाळी हौदावर कपडे धुताना ती एकदम म्हणाली, “तुझे वाईट व्हावे असे नाही ग. पण तू दुसरीकडे कुठे तरी निघून जावीस, असे मला रोज वाटते. सकाळी प्रार्थनेला बसले तरी तेच मनात येते.” आणि रडू लागली. ज्या सभागृहात आम्ही पाच वर्षे सर्वांचे मंगल व्हावे असे म्हणत आलो होतो, तेथेच हा विचार तिला येत होता, याची तिला लाज वाटत होती.

९ क्रमांकाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आठ नंबरच्या मुलीबद्दल मलाही तेच वाटत होते. ती ओळखीची नव्हती, एवढाच फरक.”

त्या वाक्याने आमच्यातली गाठ सुटली. दोष मनाचा कमी आणि रांगेचा अधिक होता. पुढची जागा रिकामी झाल्याशिवाय जिथे पाऊल टाकता येत नाही, तिथे असे विचार येणारच. ते आले म्हणून आपण वाईट ठरत नाही; ते लपविले की मात्र मैत्री जाते. त्यानंतर रोज झोपण्यापूर्वी आम्ही एकमेकींना दिवसाचा खरा विचार सांगू लागलो. पुष्कळदा त्यावर हसूही येई.

३१ क्रमांकाची सर्वांत आधी शहाणी झाली. सप्टेंबरची वाट न पाहता तिने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. १० क्रमांकाची अडचण मोठी होती. बी.एस्सी. नर्सिंगला जागा मिळत होती. पण मूळ कागदपत्रे एकदा तेथे जमा केली की ती आयत्या वेळी परत कशी मिळणार? गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, सारे एकेकच. बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतले, चर्चा केली, आणि अखेर तिने नर्सिंगला प्रवेश घेतला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ९ क्रमांकाला बोलावणे आले. तिची पेटी बसपर्यंत १० क्रमांकानेच उचलून नेली.

यादी तेथेच थांबली. ऑक्टोबरमध्ये कळले की, आमच्याच प्रवर्गातील एका मुलीने मुदत संपल्यावर आपली जागा सोडली होती. ती जागा कोणालाच मिळाली नाही. त्या मुलीला आम्ही दोष देत नाही. आपल्या मागे कोण उभी आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

आज आमच्यातील एक डॉक्टर आहे, एक शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे आणि एक विज्ञान शिकविते. परिचारिका झालेली म्हणते की, दुःख संपायला दोन वर्षे लागली. ते लगेच संपले असे लिहू नका. म्हणून तसे लिहीत नाही.

आता परीक्षा नीटची आहे, फेऱ्या ऑनलाइन होतात. थांबणे मात्र तेच आहे. येथील मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. दुसऱ्या अभ्यासक्रमाचा अर्ज पहिल्याबरोबरच भरा. कोणत्या फेरीतील जागा सोडता येते आणि कोणत्या फेरीपासून सोडता येत नाही, हे नियमपुस्तिकेत स्वतः वाचा. थांबणाऱ्या मुलीला रोज “झाले का?” असे विचारू नका, तिला काही काम सांगा.

आणि जागा सोडायचीच असेल, तर ती वेळेत सोडा. आपल्या मागे कोणी तरी उभी असते. तिचे नाव आपल्याला ठाऊक नसले, तरी ती कोणाची तरी मैत्रीण असते.