पैनगंगेच्या दोन काठांची देशमुखी

धनोड्याचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपतो आणि समोर माहूरचे डोंगर उभे राहतात. रेणुकेच्या दर्शनाला निघालेल्यांना ही हद्द जाणवतही नाही. मला मात्र तिथं थांबावंसं वाटतं, कारण माहूरचे देशमुख असलेल्या राजे उदारामाच्या घराण्याचा माग इथंच दुभंगतो.

अकबराच्या काळी माहूर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार. आजचा उमरखेडचा मुलूखही त्यातलाच. पैनगंगा त्याच्या पोटातून वाहायची. पुढं 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हाती दिलं, माहूर स्वतःकडे ठेवलं, आणि नदीची वेस झाली. उत्तरेचे कागद इंग्रजांच्या कचेरीत, दक्षिणेचे हैदराबादेत. 1905 मध्ये उत्तर काठचा पुसद तालुका वाशिमकडून यवतमाळकडे आला, म्हणजे शोधणाऱ्याला आणखी एक दप्तर. साग, पळस, कपाशी यांना यातलं काहीच कळवलं नव्हतं.

उदाराम स्वतः सापडायला सोपा. दख्खनी ब्राह्मण सरदार, मोगलांच्या चाकरीत गेलेला. जहांगीरच्या आत्मचरित्रात त्याचं नाव येतं. मनसबदार माणसाचा हिशेब दरबार ठेवतोच. त्याच्या घरातली बाई मात्र किताबाआड दडली. रायबागन! परंपरा तिला सावित्रीबाई म्हणते.

फेब्रुवारी 1661. शाइस्तेखानानं धाडलेला कारतलबखान सह्याद्री उतरून उंबरखिंडीत शिरला आणि शिवाजी महाराजांच्या माणसांनी दोन्ही तोंडं बंद केली. वर डोंगर, खाली झाडी, पाण्याची तहान. फौजेत रायबागन होती. तिनं खानाला बोल लावले आणि शरण जायला सांगितलं. माहूरच्या घाटवळणांत वावरलेल्या बाईला अडकलेली फौज म्हणजे काय, हे दिल्लीच्या सरदारापेक्षा आधी उमगलं असणार. हा माझा तर्क, पण मला तो सोडवत नाही. देशमुखी म्हणजे नुसता वसुलीचा हक्क नव्हे, जमिनीचा चढउतार अंगात मुरलेला असणं.

खानानं ऐकलं, खंडणी भरली, माणसं वाचली. आणि गंमत अशी, की तिच्या तोंडचे ते खडे बोल मोगल दरबाराच्या नव्हे, शिवरायांच्या पदरच्या कवींद्र परमानंदानं ‘शिवभारता’त नोंदवले.