मोकळे हात

रोलर कोस्टरची गाडी साखळीच्या ओढीने चढण चढत असते, तोवर साऱ्यांचे हात पुढ्यातील दांडीवर घट्ट असतात. खालून कटकट असा आवाज येत राहतो. गाडी मागे घसरू नये म्हणून बसविलेला अडसर एकेका दात्यावर पडत असतो, त्याचा तो आवाज. माथ्यावर पोहोचताच तो थांबतो आणि डब्यातील मंडळींचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष दांडी अधिकच आवळतो. दुसरा दोन्ही हात आकाशाकडे उंचावतो. भीती दोघांनाही सारखीच असते. मग दुसरा पक्ष हात का सोडतो, या प्रश्नाने आम्हां भावंडांना पुष्कळ काळ गुंतवून ठेवले आहे.

या खेळाचे मूळ रशियातील बर्फाच्या उंच घसरगुंड्यांत आहे. अमेरिकेत त्याला लोकप्रियता मिळवून देणारे लामार्कस थॉम्पसन हे रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात मुलांना शिकवीत असत. मद्यालयांकडे वळणाऱ्या लोकांना निर्मळ करमणूक मिळावी, हा त्यांचा हेतू होता असे सांगतात. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे त्यांनी आपली गाडी सुरू केली. भाडे पाच सेंट आणि वेग ताशी सुमारे सहा मैल! आपल्या बैलगाडीनेही तिच्याशी पैज लावली असती.

आमची या खेळाशी ओळख झाली ती गोराईला. तेथील एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि २०२२ साली बंद पडले. मधल्या काळात वसईच्या कितीतरी घरांतील मुले मे महिन्याच्या सुट्टीत खाडी ओलांडून तेथे गेली असतील. आम्हीही गेलो. आई मात्र गाडीत कधी बसली नाही. आमच्या चपला आणि डब्यांची पिशवी सांभाळीत ती कठड्याशी उभी राही. एकदा आम्ही खाली उतरल्यावर तिने विचारले, "हात सोडलेत ते कुणाच्या भरवशावर रे?"

"दांडीच्या," थोरला म्हणाला.

"मग ती दांडी लावणाऱ्या पोराशी दोन शब्द बोललात का?"

आम्ही हसलो. प्रश्न मात्र अचूक होता. उतारावर गाडी एकाएकी खाली झेपावते, पण आपले शरीर आधीच्याच दिशेने जाऊ पाहते. म्हणून आसन सुटल्यासारखे वाटते आणि पोटात गोळा येतो. त्या वेळी आपल्याला धरून ठेवते ती मांडीवरची दांडी; आपल्या मुठीचा त्यात फारसा वाटा नसतो. गाडी रुळावर राहते ती चाकांमुळे. काही चाके रुळावर, काही बाजूला, तर काही रुळाच्या खाली असतात. रुळाखालच्या चाकांचे पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतले आणि मग उतार अधिक उभे करता आले. शिवाय उद्यान उघडण्यापूर्वी कामगार रूळ तपासतात आणि रिकामी गाडी फिरवून पाहतात. उंचावलेल्या हातांमागे अशा कितीतरी अनोळखी हातांचे श्रम असतात.

म्हणूनच हात सोडणे आणि उडी टाकणे यांत महदंतर आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने सुचविले तेव्हा प्रभू येशूने ते नाकारले. देवाची परीक्षा पाहणे म्हणजे श्रद्धा नव्हे. दांडी बंद झाल्याची खात्री न करता जो हात सोडतो, तो मूर्ख. आणि हात आत ठेवण्याची सूचना असताना जो ते बाहेर काढतो, तोही मूर्खच.

हात उंचावण्याची ही मुद्रा आपल्याला परकी नाही. रोममधील प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातील एक भित्तिचित्र आहे. त्यात मस्तकावर पदर घेतलेली एक स्त्री दोन्ही हात पसरून प्रार्थना करीत आहे. प्रभूची प्रार्थना म्हणताना वेदीवरील धर्मगुरू आजही तसेच हात पसरतात. मोशेने युद्धाच्या वेळी उंचावलेले हात थकले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते सूर्यास्तापर्यंत दोन्ही बाजूंनी तोलून धरले. मोकळे हातही फार वेळ एकट्याने उंच ठेवता येत नाहीत, हे त्या कथेने आम्हांस शिकविले.

त्याची प्रचिती आम्हांस २०१९ साली आली. आईला पक्षाघाताचा दुसरा झटका आला, मूत्रपिंडे थकली आणि तिला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे काय, असे डॉक्टरांनी विचारले. बरे होण्याची आशा त्यांना उरली नव्हती. आम्हां भावंडांत तेच दोन पक्ष पडले. धाकटा म्हणाला, "आपण हात सोडले तर तिला दुसरं कोण धरणार?"

तैलाभ्यंग देण्यास आलेल्या फादरांनी आम्हांस ख्रिस्तसभेची शिकवण समजावून सांगितली. धर्मशिक्षणग्रंथाच्या २२७८ व्या परिच्छेदानुसार अति कष्टदायक आणि अपेक्षित लाभाच्या मानाने अवाजवी असे उपचार थांबविणे न्याय्य ठरू शकते. त्यात मृत्यू घडवून आणण्याची इच्छा नसते. तो टाळता येत नाही याचा स्वीकार असतो. पुढचाच परिच्छेद मात्र बजावतो की रुग्णाची नेहमीची शुश्रूषा थांबविता येत नाही.

आम्ही यंत्र नाकारले. त्यानंतर कामे कमी झाली नाहीत. ओल्या कापसाने ओठ भिजविणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, वेदना कमी करणारे औषध देणे हे सारे चालूच राहिले. धाकट्याला निर्णय पटला नव्हता. तो आईचा हात धरून बसला आणि कोणीही त्याला तो सोडण्यास सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

त्या रात्रींत एकच गोष्ट आम्हांस पुनःपुन्हा बोचत होती. आईला स्वतःला काय हवे होते, हे आम्हां चौघांपैकी एकालाही सांगता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ वैद्यकीय निर्देशास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आपण हिंडतेफिरते असताना आपली इच्छा लिहून ठेवता येते. धर्मग्रामातील घराघरांत हा विषय जेवणाच्या पानावर निघावा, असे आम्हांस मनापासून वाटते. तो अभद्र नाही. गाडी चढणीवर असते तोवरच बोलण्यास उसंत असते. आम्ही चौघांनी आपापली इच्छा आता लिहून ठेवली आहे. धाकट्याने श्वसनयंत्र हवे असे लिहिले आहे, आणि ते आम्हां तिघांनाही मान्य आहे.