रंगाखालचे ओठ

लिपस्टिकची खरी परीक्षा दुपारच्या डब्यानंतर होते. सकाळी आरशात सगळ्याच छान दिसतात. दुपारी हात धुताना बेसिनवरच्या आरशात पाहावं, तर मधला रंग भाजीपोळीबरोबर पोटात गेलेला, कडेची रेघ तेवढी शाबूत, आणि मध्ये पांढुरके पापुद्रे उभे राहिलेले. त्या पापुद्र्यांच्या कडांनी मात्र रंग घट्ट धरून ठेवलेला असतो. मग पर्समधून लिपस्टिक निघते आणि पापुद्र्यांवरूनच आणखी एक हात दिला जातो. मी बँकेत होते तेव्हा आमच्या लेडीज रूममध्ये हा कार्यक्रम रोज चाले. कुणी नवी शेड आणली की कुठली कंपनी, कितीला पडली, कुठे मिळाली, सगळी चौकशी व्हायची. रंगाच्या आधी ओठांना काय लावलंस, हे कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

माझ्या आजीने पहिल्यांदा तेच विचारलं असतं. तिचं कुंकू कोरडं, पिंजर. करंड्याच्या एका कप्प्यात मेण आणि दुसऱ्यात कुंकू. आंघोळ झाली की आधी कपाळावर बोटाने मेणाचा गोल, मग त्यावर चिमटीने कुंकू. थंडीत मेण घट्ट व्हायचं, तेव्हा त्यात खोबरेलाचा थेंब घालून ती ते बोटाने मळायची. मेण नीट बसलं नाही तर कुंकू दुपारपर्यंत नाकावर उतरायचं, आणि सवाष्णीचं कुंकू नाकावर उतरलेलं तिला मुळीच चालत नसे. त्यामुळे तिचं सगळं लक्ष मेणाकडे. रंग काय, तो लागतोच.

लिपस्टिकच्या कांडीतही मेणच असतं. मधमाश्यांचं, शिवाय कार्नोबा नावाच्या ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं. त्यात तेल, रंग आणि वास. तेल बहुतेक वेळा एरंडेल, कारण ते दाट असतं आणि रंगाची भुकटी त्यात छान खलली जाते. लहानपणी नाक दाबून आम्हाला जे पाजलं, तेच पुढे आम्ही हौसेने ओठांना फासलं. जगातलं बहुतेक एरंडेल आपल्याकडून जातं, त्यातही जास्त गुजरातमधून. म्हणजे पॅरिसच्या दुकानातल्या लिपस्टिकमध्येही मेहसाणा-बनासकांठ्याचा अंश असू शकतो.

आजीचे स्वतःचे ओठ कायम लाल. जेवण झालं की विडा, आणि विडा चांगला रंगला की ती खूश. नवऱ्याचं प्रेम असलं की विडा रंगतो, असं आमच्याकडे म्हणत. पुढे आजोबा गेले, तरी तो रंगायचाच. मुंबईची आत्या मे महिन्यात यायची ती लिपस्टिक लावून, आणि तिच्या माघारी माजघरात तिच्या ओठांवर चर्चा व्हायची. लॅक्मे १९५२ साली टाटांनी सुरू केली होती, आत्याच्या डबीवर तेच नाव होतं, म्हणजे माल काही परका नव्हता. पण चुन्या-काताने लाल झालेले ओठ घरंदाज आणि मेणा-एरंडेलाने लाल झालेले चवचाल, हा न्याय मला तेव्हाही कळला नाही, आजही कळत नाही. चुन्याने आजीच्या ओठांचे कोपरे वारंवार चिरायचे. त्यावर ती मुठेल लावायची.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. तेल म्हणायचं, पण ते असतं घट्ट. आमच्या वेंगुर्ल्याकडे आमसुलं करून झाली की बिया धुऊन वाळवून ठेवत. सवडीने त्या फोडायच्या, आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं आणि थिजू लागलं की मुठीत दाबून गोळे वळायचे. गोळ्यावर वळणारीची बोटं उमटलेली असत. शहाळ्याच्या खोबऱ्यासारखा पांढुरका रंग, वास जवळजवळ नाहीच. ते वितळतं ३८ ते ४० अंशांना, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या जरा वर. त्यामुळे बोटाने नुसतं घासून भागत नाही, ओठांवर जरा वेळ चोळावं लागतं. पण एकदा बसलं की बसलं. उन्हाळ्यात आत्याची लिपस्टिक घामेजायची, कांडीवर तेलाचे बारीक थेंब यायचे आणि तिला ती माठाजवळ नेऊन ठेवावी लागायची. मुठेलाचा गोळा फडताळात होता तसा राही.

रंगवलेले ओठ मी पहिल्यांदा अगदी जवळून पाहिले ते एका पुरुषाचे. आमच्याकडे कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार. त्यातले नट आपली रंगरंगोटी आपणच करतात. देवळाच्या मागच्या पडवीत आपापल्या ट्रंकेपुढे बसलेले, एका हातात आरसा, दुसऱ्या हाताचं बोट रंगात. बायकांची कामं करणारेही पुरुषच. आम्ही पोरं खांबाआडून बघायचो. एक जण नुकताच विडी विझवून बसला होता, दाढीची निळी छटा गालावर तशीच. त्याने तळहातावर खोबरेल ओतलं, चेहऱ्याला चोळलं, मग एका बोटाने वेगळं ओठांना चोळलं आणि गप्प बसून राहिला. बाजूचे त्याच्याशी बोलत होते, तो मानेनेच हो-नाही करत होता. बऱ्याच वेळाने पंचाच्या टोकाने ओठ टिपले आणि मग लाल रंग घेतला. आमच्या डोळ्यांदेखत तो द्रौपदी झाला. रात्री चहा आला तेव्हा द्रौपदीने पेला ओठांना न लावता वरून ओतून प्यायला. पहाटे खेळ संपल्यावर पुन्हा खोबरेल आणि जुनं फडकं, आणि द्रौपदी पुसली गेली. तेल लावून थांबणं, टिपणं, मग रंग, आणि शेवटी तेलानेच तो उतरवणं. पुढे मी सौंदर्यावरची जी काही पानं वाचली, त्यांत याहून निराळं फार थोडं सापडलं.

पुण्याला हॉस्टेलवर गेले तेव्हा पहिल्याच डिसेंबरात माझे ओठ उलले. कोकणच्या दमट हवेत वाढलेल्या ओठांना कोरडी थंडी ठाऊक नव्हती. आजीने दिवाळीच्या सुट्टीत तोंडावरच बजावलं होतं, "चेडवा, ओठ चाटू नको, आणखी फुटतले." पण कोरडं झालं की जीभ आपोआप बाहेर येते. ओठ असे सुकण्यामागचं कारण साधं आहे. बाकीच्या बहुतेक त्वचेला घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी असतात. ओठांच्या लाल भागाला घामाच्या नसतात आणि तेलाच्या जवळजवळ नसतातच, वरचा संरक्षक थरही अगदी पातळ. म्हणजे ओठ स्वतःचं तेल स्वतः तयार करू शकत नाहीत, ते बाहेरूनच द्यावं लागतं. थुंकी लावली की क्षणभर बरं वाटतं, पण ती उडून जाताना ओठ अधिकच सुकतो, आणि अन्न पचवायला असलेले थुंकीतले पाचक रस त्या नाजूक सालीला त्रास देतात ते वेगळंच. काही मुलांच्या ओठांभोवती लालसर कडं उठतं ते या चाटण्यानेच.

हॉस्टेलमध्ये प्रत्येकीचा आपापला इलाज होता. सोलापूरची मैत्रीण झोपताना बेंबीत तेल घालायची, आणि तिचे ओठ खरोखर फुटत नसत. बेंबीतून ओठांपर्यंत तेल कुठल्या वाटेने जातं हे मला कुठल्याच शरीरशास्त्राच्या पुस्तकात मिळालं नाही. माझा संशय असा, की तेलाचं उरलेलं बोट ती ओठांवर पुसत असावी. एकीकडे ग्लिसरीन आणि गुलाबपाणी होतं. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं हे खरं, पण वर काही स्निग्ध नसेल तर कोरड्या हवेत त्याचा फार उपयोग होत नाही. आणि जवळजवळ सगळ्यांकडे बोरोलीनची हिरवी ट्यूब. १९२९ सालापासून कलकत्त्याहून येणारं ते औषध भेगा भरायला चांगलं, पण त्यात जस्ताचं भस्म असल्याने त्यावर लिपस्टिक लावली की मरून रंगाचा गुलाबी व्हायचा. गॅदरिंगच्या दिवशी आमच्या निम्म्या मुली त्यामुळे एकाच फिक्या रंगात स्टेजवर गेल्या.

नोकरी, लग्न, एसीतली बैठक. त्या वर्षांबद्दल ओठांच्या बाजूने सांगण्यासारखं विशेष काही नाही. लिपस्टिका चकचकीत होत्या, त्यांत तेल भरपूर असायचं आणि त्या तासाभरात कपावर उतरायच्या. गोंधळ झाला तो मॅटचं वेड आलं तेव्हा. मॅट म्हणजे भुकटी जास्त आणि तेल कमी, हे कांडीचं. बाटलीतली, ब्रशने लावायची, ती त्याहून पुढची. तिच्यात आयसोडोडेकेनसारखं लगेच उडून जाणारं द्रव्य असतं. ते उडालं की मागे रंगाची पातळ, चिवट पाटी ओठांवर बसते. चहाने जात नाही, वरणभाताने जात नाही. पण ओठ हलतो, ताणला जातो, आणि पाटी त्याच्याबरोबर ताणली जात नाही. मग ती चिरते आणि खालचा पापुद्रा घेऊन उठते. रात्री ती साबणाने घासून काढायची म्हणजे त्या दिवसाची उरलीसुरली सालही गेली. या बाटल्या तेलानेच निघतात. खोबरेल लावून जरा वेळ थांबलं की रंग आपण होऊन सुटतो. हे द्रौपदीला माहीत होतं.

त्या सुमारास माझे ओठ महिनोन्महिने सोलत राहिले. लिपस्टिक बंद केली तरी थांबेनात. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी आधी विचारलं, झोपेत तोंड उघडं असतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि लिप बाम थंडगार लागणारा आहे का. मेन्थॉल-कापराचे बाम लावताना गार वाटतात, पण फुटलेल्या ओठांना चुरचुरतात, आणि चुरचुरलं की माणूस पुन्हा तोच बाम लावतो. मग त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक चौकोनात एकेक पदार्थ. दोन दिवस आंघोळ नाही. नंतर पट्ट्या काढून पाहिलं, पुन्हा दोन दिवसांनी पाहिलं. एका चौकोनाखाली लाल चट्टा उठला होता, तो दालचिनीच्या स्वादद्रव्याचा. लिपस्टिक निर्दोष सुटली. गुन्हेगार निघाली रोज दोनदा तोंडात जाणारी टूथपेस्ट. ती बदलली आणि काही आठवड्यांत ओठ ताळ्यावर आले. घरात मात्र 'तरी सांगत होतो, ते रंग लावू नकोस' हे वाक्य तोवर भरपूर वाजून झालं होतं, आणि ते कुणी मागे घेतलं नाही.

तेव्हापासून माझी सकाळ ठरलेली आहे. आंघोळीहून आल्यावर ओठ ओलसर आणि साल मऊ असते, तेव्हा मऊ पंचाने हलकेच पुसायचे. जो पापुद्रा सहज येईल तो येऊ द्यायचा, अडलेला ओढायचा नाही. ओढला की रक्त. साखर-मधाचं घासणं आठवड्यातून कधीतरी ठीक, पण भेग असताना अजिबात नाही. ओल असतानाच वर मुठेल किंवा साधं व्हॅसलीन. व्हॅसलीन स्वतः पाणी देत नाही, आहे त्या ओलीवर झाकण घालतं, म्हणून आधी ओल हवी. मग साडी नेसायला घ्यायची. निऱ्या, पदर, पिना, मधे एकदा फोन, एवढा वेळ त्याला पुरतो. साडी झाली की टिश्यूने जास्तीचं टिपून घ्यायचं, नाहीतर रंग घसरतो. त्यावर लिपस्टिकचा एक पातळ हात, टिपणं, पुन्हा एक पातळ हात. ड्रेस घातला की हे सगळं बिघडतं, कारण ड्रेस दोन मिनिटांत होतो आणि मला वाट पाहायचा कंटाळा येतो. आता वयाने वरच्या ओठावर बारीक उभ्या रेघा आल्या आहेत, रंग त्यांतून वर सरकतो, म्हणून आधी पेन्सिलीने कड आखून घेते. ते चालायचंच.

मुलीचं प्रकरण वेगळं. कॉलेजात असताना मुरमांसाठी तिला आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्या त्वचेचं तेलच आटवतात, आणि सगळ्यांत आधी ओठ बोलतात. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबरच ओठांचं मलम लिहून दिलं होतं, इतकं ते ठरलेलं. त्या काळात ती दिवसातून कितीतरी वेळा मलम लावायची आणि वर्गात सगळ्यांना वाटायचं, ही ग्लॉस लावून येते. आता ती एडमंटनला आहे. बाहेर शून्याखाली तीस, आत हीटर चोवीस तास, दोन्हीकडची हवा सुकी. तिथल्या दुकानातून तिने महागडा बाम आणला आणि डबीच्या मागचा फोटो मला पाठवला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं 'गार्सिनिया इंडिका सीड बटर'. म्हणजे आमचं मुठेल. किंमत डॉलरमध्ये, आणि एवढ्याशा डबीत आमच्या गोळ्याच्या चौथाईइतकंही नाही.

मी तिला व्हिडिओ कॉलवर सगळं पुन्हा सांगितलं. उन्हात बर्फावर जाताना सनस्क्रीनचा बाम लाव, कारण ओठांच्या सालीत रंगद्रव्य कमी असतं आणि बर्फावरून ऊन उलटून येतं. रात्री हीटरजवळ पाण्याचं भांडं ठेव. ती बाटलीतली मॅट सोड, साधी कांडी वापर. तिने सगळं ऐकून घेतलं, तिचे ओठ तेव्हाही मॅट वाइन रंगाचे होते.

"मॅट सोडणार नाही," ती म्हणाली. "बाकीचं करते. आणि मुठेल पाठव, इथल्या दोघी मैत्रिणींनाही हवंय."

वेंगुर्ल्याच्या वहिनींना फोन केला. त्यांच्याकडे या वर्षीचे गोळे संपलेत, पण शेजारणीकडे आहेत म्हणे. नाताळच्या गर्दीआधी पार्सल निघायला हवं, तर ते येत्या एसटीने पुण्याला यायला पाहिजे.