बुलेटवरचं बोलणं

मैत्रिणींनो, नवरा निवृत्त झाला की त्याला कसला ना कसला नाद लागतोच. बागेचा लागला तर नशीब म्हणायचं. आमच्या ह्यांना बुलेट सजवायचा लागला.

बुलेट तशी घरातलीच. मामंजींनी १९८६ साली घेतलेली, ३५०ची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्याला ब्रेक. १९९३ साली लग्न होऊन मी साताऱ्याला आले तेव्हा दोन खोल्यांत आम्ही सात माणसं होतो. नवराबायकोनं बोलायचं कुठं? स्वयंपाकघरात सासूबाई, बाहेर मामंजी, गॅलरीत अभ्यासाला बसलेले भाऊजी. मग रविवारी संध्याकाळी भाजीच्या निमित्तानं आम्ही निघायचो, ते बोगद्यातून पार सज्जनगडच्या रस्त्याला. मी एका बाजूला बसलेली, साडीच्या जाळीखालच्या पायरीवर पाय, एक हात ह्यांच्या खांद्यावर. इंजिन आपलं संथ डुगडुगत असायचं. माझ्या नोकरीचं, वेगळ्या बिऱ्हाडाचं, दुसरं मूल नको म्हणायचं, सगळं त्या गाडीवर ठरलं. समोर तोंड नसलं, नुसती पाठ असली, की अवघड गोष्ट बोलायला सोपी जाते. तुम्हालाही हा अनुभव असेलच.

पुढे कार आली आणि बुलेट पोत्याखाली गेली. गेल्या वर्षी हे निवृत्त झाले नि पोतं निघालं. इंजिन खोललं, टाकीला नवा काळा रंग दिला, इथवर मीही कौतुकानं चहा नेऊन देत होते. मग एक दिवस गॅरेजवाल्याच्या सल्ल्यानं जुना सायलेन्सर उतरला आणि त्या जागी बाजारातला चकचकीत, लांब बाटलीसारखा आला. पाठोपाठ दोन्ही बाजूंना चामडी पिशव्या. डावी पिशवी बसेना म्हणून साडीची जाळीच काढली. “वहिनी, हल्ली कोण लावतंय जाळी,” म्हणे तो. बाई गं, मी लावतेय की! पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, हे १९८९च्या मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. पण पिशव्या पुढे आणि बायको मागे, त्याला कोण काय करणार!

आणि तो आवाज! पहिल्या दिवशी गाडी सुरू झाली तेव्हा शेजारचं तान्हं पोर दचकून उठलं, ते तासभर रडलं. मी चिरंजीवांना फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की सायलेन्सर म्हणजे नुसती नळी नव्हे. आत पत्र्याचे कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. बुलेटला सिलिंडर एकच, त्यातला स्फोट सुटा सुटा बाहेर येतो. कप्प्यांतून दम खात गेला तर कानाला सोसतो. बाजारच्या सायलेन्सरात अडवायला एखादी पुंगळी असते, तीही हौसेनं काढून टाकतात. शिवाय वाट मोकळी झाली आणि कार्बोरेटरचा जेट तसाच ठेवला, तर इंजिन जास्त तापतं आणि वेग कमी करताना नळीत फटाके वाजतात. आमच्याकडे वाजत होतेच. आवाजाबद्दल कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हेही चिरंजीवांनी सांगितलं. ह्यांनी ते ऐकून सोडून दिलं.

मी त्यावर फार भांडले नाही, कारण माझं लक्षच दुसरीकडे होतं. अंघोळीच्या वेळी छातीत डाव्या बाजूला हाताला गाठ लागली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. आता घरात आम्ही दोघंच, बोलायला कोण अडवणार होतं? पण सवय बघा. म्हटलं, रविवारी गाडीवर सांगू.

रविवारी निघालो. पायाला आधार नाही, साडी गुडघ्यात गच्च धरलेली, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. बोगदा ओलांडला आणि मी सांगितलं. हे मोठ्यानं म्हणाले, “काय?” मी पुन्हा सांगितलं. “काय म्हणतेस?” मग मात्र मी “काही नाही” म्हणून गप्प झाले. ती गोष्ट काय ओरडून सांगायची असते? त्यानंतर तीन आठवडे मी तशीच राहिले. हा वेडेपणा होता, मला ठाऊक आहे.

चौथ्या रविवारी मीच खांद्यावर थापटी मारून गाडी थांबवायला लावली आणि किल्ली फिरवायला सांगितली. आवाज एकदम बंद झाला. मी खाली उतरले नाही. पाठीकडे बघूनच बोलले. हे बराच वेळ वळले नाहीत. मग त्यांनी हात मागे करून माझा हात धरला आणि विचारलं, “कधीपासून?” मी सांगितलं. “मग सांगितलं का नाहीस?” म्हणाले. “सांगितलं होतं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांकडे नेलं. तपासणी, सोनोग्राफी, सुईनं पाणी काढणं. साधी पाण्याची गाठ निघाली. पण ते कळेपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका.

त्याच आठवड्यात माळ्यावर खुडबुड ऐकू आली. जुना सायलेन्सर खाली आला. ह्यांनी तो रॉकेल नि ब्रशनं घासला, स्वतःच चढवला. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. मग साडीची जाळी आली आणि पायरीही. डावी पिशवी कपाटात गेली. उजवी राहिली, पण खाली सायलेन्सर तापतो म्हणून पट्टी लावून जरा वर आणि बाहेर घेतली. तिच्यात माझा थर्मास, रेनकोट आणि आधी दवाखान्याची फाईल असायची, ती आता नसते. पावसात भिजली तर उन्हात टाकायची नाही, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवायची, म्हणजे चामडं तडकत नाही.

गॅरेजवाला हल्ली भेटला की हळहळतो. एकाच बाजूला पिशवी म्हणजे गाडी कलणार, म्हणतो. हे त्याला म्हणाले, “डाव्या बाजूला ही बसते की.”