आगोट, भाद्रपद आणि काकूची वही

पूर्णगडच्या आमच्या घरात कपड्यांचं वर्ष आगोटीला सुरू व्हायचं. वैशाख निम्मा सरला की मीठ, कांदे, सुकी मासळी, लाकूडफाटा यांची बेगमी सुरू होई, आणि त्याच यादीच्या शेवटी मोठी काकू कपड्यांचं पान लिहायला घेई. त्याआधी घरातलं एकूण एक वस्त्र बाहेर निघायचं. माळ्यावरच्या ट्रंका, माजघरातली लाकडी पेटी, आजीचं गाठोडं, सगळं खळ्यात कडक उन्हात उलगडलं जाई. आम्हा पोरांचं काम राखणीचं. कोंबड्या हाकायच्या, दुपारी प्रत्येक कपडा परतायचा आणि कसर लागलेला दिसला तर तो वेगळा ठेवायचा.

बाहेरून बघणाराला ते नुसतं वाळवण वाटे. खरं तर तो वर्षाचा ताळेबंद होता. कुणाला काय तोकडं झालं, कुणाचं काय विरलं, कुणाचं कुणाला होईल, हे सगळं त्या एका दिवसात ठरायचं. आम्ही सख्खी-चुलत मिळून घरभर पोरं, आणि आमच्यापैकी कुणाच्याही अंगावरचा कपडा पुढे कुणाच्या अंगावर जाणार हे काकूला आधीच ठाऊक असे. म्हणून नवीन कापड घेताना ती दोन माणसांची मापं डोळ्यांसमोर ठेवायची: आत्ता घालणाराचं आणि त्याच्या मागच्याचं.

ती वही अजून घरात आहे. किराणा दुकानात मिळायची तशी लाल पुठ्ठ्याची, उभी. डावीकडे नाव, मग महिना, मग कापड आणि वार, आणि शेवटी शेरा. मेट्रिक मापं येऊन जुनी झाली तरी काकूनं वार सोडला नाही. शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा आहे. ‘माया ठेवली आहे, पुढच्या वर्षी सोडणे.’ ‘रंग गेला, आतल्या वापरास.’ ‘हिला निळा शोभतो.’ हा शेवटचा शेरा माझ्या धाकट्या चुलतबहिणीच्या नावापुढे आहे. एवढ्या मोठ्या खटल्यात कुणाला कुठला रंग खुलतो याची नोंद कुणीतरी ठेवत होतं, हे तिला पन्नाशीत ती वही चाळताना कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.

खरेदी रत्नागिरीला. एसटीनं पावस, तिथून पुढे शहर, आणि मग राम आळी. काकूबरोबर जायला मिळणं म्हणजे मान होता, पण दुकानात चुळबुळ चालायची नाही. गादीवर ताका उलगडला की ती आधी किंमत विचारत नसे. कापडाचं टोक दोन्ही हातांत धरून कपडे धुतल्यासारखं चोळायची. खळीची भुकटी झडली तर ताका बाजूला. मग एक पदर उजेडाकडे धरून वीण बघायची, काठाचा एक धागा ओढून त्याचा पीळ चिमटीत तपासायची, ओल्या बोटानं कोपरा घासून रंग लागतो का पाहायची. एवढं झाल्यावर भाव. दुकानदार तिला ओळखून होते, चांगला माल पहिल्यांदा काढत. पॉपलीन, मांजरपाट, छीट, लठ्ठा, हरक ही नावं आम्ही बाराखडीसारखी शिकलो ती त्या गादीशेजारी बसून. आजोबा असताना खादीही घेतली जाई. नंतर रेशनवर कंट्रोलचं कापड मिळू लागलं, तेही काकू घेई, पण उशांच्या अभ्ऱ्यांना आणि परकरांना. अंगावरच्या कपड्यात तिला तडजोड चालत नसे.

नवे कपडे गणपतीला. दिवाळीला आमच्याकडे एखादा सदरा-पोलकं, पण भाद्रपदात सगळ्यांना. त्यासाठी श्रावणात शिंपी यायचा. स्वतःचं मशीन डोक्यावर घेऊन येई आणि आमच्या ओटीवर मांडून पाच-सात दिवस मुक्कामाला राही. जेवण आमच्यात, मजुरी नगावर. काकू समोर बसून माया किती ठेवायची ते सांगे. फ्रॉकच्या घेराखाली चार बोटं दुमडलेली, सदऱ्याच्या बाहीत दोन बोटं, विजारीच्या मागच्या शिवणीत तर भरपूर. पुढच्या वर्षी ती टीप उसवली की आतलं न विटलेलं कापड बाहेर येई आणि फ्रॉकच्या तळाला गडद रंगाची पट्टी दिसे. ती पट्टी आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना होती. वर्गातल्या निम्म्या पोरींच्या कपड्यांनाही होती, त्यामुळे तिची लाज कुणाला वाटली नाही.

एका ताक्यातून सगळ्यांचं शिवायचं, हीही रीत. मुलग्यांचे सदरे, मुलींचे फ्रॉक, उरलेल्यातून अभ्रे आणि पिशव्या. किल्ल्याच्या दरवाज्याजवळच्या मारुतीच्या देवळात आम्ही ओळीनं उभे राहिलो की कुणाची पोरं ते विचारावं लागत नसे. तरी प्रत्येकाचा कपडा थोडा वेगळा असायचा. एकीला झालर, दुसरीला फुगा बाही, तिसरीला गळ्यापाशी फीत. फॅशन काकूला वर्ज्य नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की नवलाई बाहीत ठेवावी, कापडात नको. बाही पुढच्या वर्षी बदलता येते. मोठ्या बायकांच्या बाबतीतही तिचा हाच न्याय. पातळ चांगलं, टिकाऊ, साध्या रंगाचं. त्यावर ब्लाऊज मात्र दर साली नवा, त्या साली चालेल त्या गळ्याचा. एकाच पातळावर वेगवेगळे ब्लाऊज घालून माझी आई कितीतरी लग्नं मिरवली आणि दर वेळी नवीन दिसली. कपाट ताजं ठेवायची याहून शहाणी युक्ती मला पुढे कुठे सापडली नाही.

हा ‘त्या सालचा गळा’ पूर्णगडात यायचा तो मुंबईहून. दोन्ही काका गिरणीत. लालबागच्या चाळीतून गणपतीला येताना त्यांच्या ट्रंकेत आमच्यासाठी गिरणीतले फेंट असत. फेंट म्हणजे ताक्याचे उरलेले, किंचित दोष असलेले तुकडे, कामगारांना स्वस्तात मिळणारे. दोष कुठे आहे ते काका बोटानं दाखवत आणि शिंपी तो नेमका शिवणीत गाडी. ‘बॉबी’ १९७३ साली आला, आणि पुढच्या भाद्रपदात मोठ्या ठिपक्यांचं कापड आमच्या ओटीवर उलगडलं गेलं. सिनेमा आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. ठिपके मात्र सगळ्या मुलींना हवे होते. काकूनं ताका चोळून पाहिला, रंग पक्का निघाला, आणि ठिपक्यांना परवानगी मिळाली. मग बेलबॉटम आले. त्या बाबतीत मात्र तिनं मुलग्यांचं चालू दिलं नाही, कारण पायाच्या घेरात जाणाऱ्या कापडात धाकट्याची अर्धी चड्डी बसत होती.

ऋतूचा विचार तर पावलोपावली. उन्हाळ्यात मलमल आणि धुऊन मऊ झालेली जुनी सुती, थंडीत घोंगडी आणि वाकळ पुरेशी, कारण समुद्रकाठी थंडी ती केवढी. खरी परीक्षा पावसात. सुती लुगडं नऊ वार, ते भिजलं की दोन-दोन दिवस वाळत नसे. पडवीत बांबूच्या दांड्यांवर ओल्या लुगड्यांच्या रांगा, त्यांचा तो कुबट वास, आणि चुलीच्या वर टांगलेल्या काठ्यांवर पोरांचे कपडे, धुरानं पिवळट झालेले. घरात तान्हं मूल असलं तर शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर दुपटी वाळवायची, एक बाई त्या कामाला अडकूनच पडायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे कपडा वाळणं हेच बायकांचं चार महिन्यांचं ओझं होतं.

म्हणून नायलॉनची साडी आली तेव्हा आमच्या घरात जे झालं ते शहरातल्या लेखकांनी लिहिलेल्या नायलॉनच्या कथांपेक्षा निराळं होतं. शहरात ती तलम होती, झुळझुळीत होती, शोभेची होती. आमच्या आईनं ती संध्याकाळी पिळून टाकली आणि सकाळी नेसली. श्रावणात! आखातात गेलेल्या शेजाऱ्यांकडून जपानी नायलॉनचं कापड यायला लागलं तेव्हा तर बायकांनी पैसे बाजूला टाकून त्याची वाट पाहिली. कृत्रिम धाग्याला आज सरसकट नावं ठेवली जातात, त्यात तथ्यही आहे. तो कुजत नाही, धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात आणि शेवटी समुद्रात पोचतात, आणि आमच्या दारात समुद्रच आहे. पण कोकणातल्या बाईच्या कमरेचा आणि मनगटांचा भार त्या साडीनं हलका केला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून इथे मांडते. आजीनं मात्र नायलॉनला शेवटपर्यंत हात लावला नाही. चुलीजवळ ते पेट घेतं, अंगाला चिकटतं, म्हणायची. तिचंही खरं होतं.

आजीचं लुगडं हा तर स्वतंत्र विषय. बसण्याच्या जागी ते मधोमध विरत आलं की ती तो भाग फाडून काढी आणि उरलेल्या दोन टोकांना दांड घाली. इतकी बारीक शिवण, की नेसल्यावर दिसत नसे. दांड घातलेलं लुगडं आणखी दोन-तीन वर्षं चाले. मग त्याचं जुनेर, घरात नेसायला. मग चांगल्या भागाची दुपटी आणि लंगोट, कारण तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलंच लावायचं. मग वाकळीचे थर. काठ आधीच काढून ठेवलेले, ते परकराला. उरलेल्याचं मसोतं, त्याचं पोतेरं. ज्या लुगड्यात आजी नवी सून म्हणून या घरात आली म्हणतात, त्याचा हिरवा काठ माझ्या मुलीच्या पहिल्या परकराला होता.

१९८२ सालच्या जानेवारीत, १८ तारखेला, मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यात आमचे दोघे काका. उन्हाळ्यात काकांची बिऱ्हाडं गावाला आली ती परत जाण्याचं कुणी बोलेना. घरात खाणारी तोंडं वाढली आणि मनिऑर्डर थांबली. त्या वर्षी आगोटीला खळ्यात कपडे मांडले तेव्हा काकूनं वहीत खरेदीचं पान लिहिलंच नाही. तिनं दोन ढीग केले, आहे त्याचे आणि होईल त्याचे.

श्रावणात शिंप्याला निरोप गेला. तो गोंधळला, कापड कुठे आहे? काकूनं ट्रंका उघडल्या. काकांच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या कॉलरी घासून फाटल्या होत्या. त्या उसवून, उलटवून पुन्हा बसवल्या, आतली कोरी बाजू वर आली. कोपरात विरलेल्या लांब बाह्या कापून अर्ध्या झाल्या. वडिलांच्या दोन विजारींतून तिघांच्या चड्ड्या निघाल्या. आत्याचं जरीकाठी पातळ, जे ती सासरी न नेता आईकडे ठेवून गेली होती, तिच्या परवानगीनं कापलं आणि सगळ्या लहान मुलींना परकर-पोलकी झाली. विटलेली पातळं तांब्याच्या हंड्यात रंगाची पुडी आणि मीठ घालून उकळली, दोन निळी झाली, एक मोरपंखी. शेवटी तांदळाच्या पेजेची खळ, आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री. चतुर्थीला आम्ही आरतीला उभे राहिलो तेव्हा पंक्तीतल्या कुणालाही ते जुनं वाटलं नाही. शिंप्याची मजुरी काकूनं नव्या कपड्याच्या दरानंच दिली. काम जास्त केलंय त्यानं, म्हणाली. पैशासाठी तिनं स्वतःची एक जुनी जर मोडली. जर जाळून चांदी निघते, ती सोनारानं घेतली. हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

आमच्या पिढीला त्या वर्षाची आठवण काढताना दुःख होत नाही, याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. त्या घरात कपडा कुणी शिवला, कुणी रंगवला, कुणाच्या अंगावरून आला, हे प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे त्याची किंमत बाजारानं ठरवायची राहिलीच नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि अकराशेच्या वर माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणाऱ्या मुली. बातमी वाचून मी कपाट उघडलं आणि एकेका कपड्याची पट्टी वाचत बसले. बांगलादेश, व्हिएतनाम, तिरुपूर. आमच्या ओटीवरच्या शिंप्याला कुठला पानविडा आवडतो हे मला ठाऊक होतं; या कपड्यांच्या शिवणाऱ्यांचं मला काहीच ठाऊक नव्हतं.

आता पुढची पिढी पुण्यात, डोंबिवलीत, न्यू जर्सीत. सवलतींच्या काळात त्यांच्या घरी खोकी येतात, काही तर उघडलीही जात नाहीत. पण गेली काही वर्षं माझ्या भाचीनं एक चांगली गोष्ट सुरू केली आहे. तिनं काकूच्या वहीची पानं फोनवर टिपून घरच्या ग्रुपवर टाकली, आणि वैशाखात सगळ्यांना सांगितलं, कपाट रिकामं करा, पलंगावर मांडा, फोटो पाठवा. मग कुणाचा कुर्ता कुणाला होतो ते ठरतं. गणपतीला गावी येताना पिशव्यांची अदलाबदल होते. नवीन घ्यायचं ते एखाददुसरंच, आणि त्यासाठी तिचा नियम असा, की जे आहे त्यातल्या निदान तीन कपड्यांबरोबर ते घालता आलं पाहिजे. मी त्यात भर घातली: घेण्याआधी शिवणीत माया आहे का बघ. तयार कपड्यांत ती बहुधा नसतेच, त्यामुळे अंग भरलं की कपडा टाकावा लागतो. तिला ते पटलं. रेयॉनवरून मात्र आमचं अजून जमत नाही. तिला त्याचा पडाव आवडतो. मी म्हणते, पूर्णगडच्या पावसात ते ओलं होऊन लोंबतं आणि वाळतही नाही, त्यापेक्षा पातळ सुती घे.

यंदा तिनं सगळ्यांसाठी एकाच ताक्यातून शिवायचं मनावर घेतलंय. कापड हातमागाचं, चौकडीचं, मोठ्यांना कुर्ते आणि लहानांना फ्रॉक. पावसच्या शिंप्याला आषाढातच सांगून ठेवलंय आणि मापं मी लिहून घेतली आहेत, त्याच वहीत, पुढच्या कोऱ्या पानावर. न्यू जर्सीच्या नातीच्या नावापुढे शेऱ्याचा रकाना रिकामा आहे. तिला कुठला रंग शोभतो ते चतुर्थीला बघून लिहीन.